एककानी दार

सरशहर मोहल्ल्यात गुलसनमच्या घराला कुणी गुलसनमचं घर म्हणत नसे. एककानी दार म्हटलं की टपालवाल्यापासून भाकरीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. ओर्दुबादमधल्या बाकीच्या जुन्या दारांना दोन कान होते. एका फळीवर जाड लोखंडी दांडा, तो पुरुषांनी वाजवायचा. दुसऱ्या फळीवर पातळ कडी, ती बायकांनी. दांडा घुमला की घरातला पुरुष उठे, कडी किणकिणली की बाई. गुलसनमच्या दारावर दांडा तेवढा होता. कडीच्या जागी फुलाच्या आकाराचा एक पत्रा होता आणि त्याच्या पोटात रिकामं भोक.

त्यामुळे तिच्याकडे येणाऱ्या बायका दारावर थापा मारत, नाहीतर गल्लीतूनच हाक देत. शेजारीण तुकेझबान तर आपल्या छपरावरूनच बोले.

"तुझ्याकडे यायचं म्हणजे गळा शाबूत पाहिजे," ती म्हणे. "उद्या घसा बसला तर आम्ही काय करायचं?"

"तुझा घसा बसेल त्या दिवशी मी मोहल्ल्यात पेढे वाटीन," असं गुलसनम म्हणाली असती, पण ओर्दुबादमध्ये पेढे नसतात, म्हणून ती हलवा वाटीन म्हणे.

कडी काही हरवलेली नव्हती. आतल्या खोलीतल्या पेटीत, रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. गुलसनमच्या आईने ती उपटली त्याला त्रेपन्न वर्षं झाली होती.

तेव्हा गुलसनम नऊ वर्षांची होती आणि तिची बहीण महपारा अठराची. महपाराचा नवरा तांब्याची भांडी घडवायचा. माणूस भला होता, पण त्याचा कागद पलीकडचा होता, आराझ नदीच्या पलीकडचा. पूर्वी लोक नदी ओलांडून लग्नाला जात आणि जेवून, भांडून परत येत. कुणाचा कागद कुठला हे विचारायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. मग एका वर्षी हुकूम आला की ज्यांचा कागद पलीकडचा, त्यांनी बायकापोरांसह पलीकडे जावं. नदीकाठच्या स्टेशनवर गाडी लागली. महपाराने गुलसनमच्या दोन्ही मुठींत सुके जर्दाळू कोंबले, मुठी बाहेरून आवळून धरल्या आणि म्हणाली, "मी येईपर्यंत संपवू नकोस." गाडी स्टेशनातून हलायच्या आतच गुलसनमने ते संपवले होते. ही गोष्ट तिने पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पकड घेतली आणि दाराची कडी उपटली.

बाप म्हणाला, "त्या कडीने काय घोडं मारलंय?"

"काही नाही," आई म्हणाली. "पण ती दिवसातून दहा वेळा वाजते आणि दहा वेळा माझा जीव दारापर्यंत जाऊन येतो. आता महपारा येईल तेव्हाच लावू. पहिला हात तिचा."

पुढे बाप गेला, आई गेली. एकदाच, कुठून कुठून फिरत, महपाराचं पत्र आलं होतं. ती मरंद गावी आहे आणि तिला चार मुलं आहेत एवढं त्यातून कळलं. गुलसनमने उत्तरात आई गेल्याचं लिहिलं. ते पोचलं की नाही ते कळलं नाही, कारण त्यानंतर काहीच आलं नाही. गुलसनमचा नवरा या घरात राहायला आला तो कडीची अट मान्य करूनच. तोही आता कबरस्तानात होता. मुलगा सुब्हान शाळेची गाडी चालवायचा, सून फळांचे डबे भरायच्या कारखान्यात जायची. दिवसभर घरात गुलसनम एकटी असे.

मग काळ फिरला. दोन हिवाळ्यांपूर्वी लोकांनी आराझकाठची सरहद्दीची काटेरी तार हातांनी उपटून काढली. अख्खं ओर्दुबाद नदीवर लोटलं होतं. दोन्ही काठांवर माणसं उभी राहून नावांनी हाका मारत होती. थंडी अशी की श्वासाचा धूर होत होता. गुलसनमनेही हाक मारली, "महपारा." पलीकडून तीन महपारांनी ओ दिली. एक कोवळी पोरगी होती, एकीने बापाचं नाव भलतंच सांगितलं आणि तिसरी नुसतीच रडत होती. तिला कुणीही चाललं असतं. गुलसनम संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा आवाज गेला होता. तुकेझबानने आठ दिवस त्याचं सुख भोगलं.

त्यानंतर पास मिळू लागले. पुलावरून इकडची माणसं तिकडे, तिकडची इकडे येऊ लागली. गुलसनमने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा कचेरीतला माणूस म्हणाला, "बघू, खाला." ती तिसऱ्यांदा जाणार होती. पण आता तिच्या मागे वेगळीच पीडा लागली होती.

बाजाराच्या जुन्या घुमटाखाली शहराचं संग्रहालय थाटलेलं होतं. जिथे पूर्वी रेशीम आणि सुका मेवा विकला जाई, तिथे आता काचेच्या कपाटांत मडकी ठेवली होती. ते संग्रहालय सांभाळणारे फेरुझ मुअल्लिम, म्हणजे फेरुझ मास्तर, हे सभ्य, बारीक, चष्म्यातून वाकून बघणारे गृहस्थ होते. त्यांना गुलसनमचं दार हवं होतं. तुतीच्या लाकडाचं, दोनशे वर्षांचं दार. मोहल्ल्यात असं दुसरं उरलं नव्हतं. बदल्यात नवं लोखंडी दार बसवून देतो म्हणत होते. सुब्हानला ते पटलं होतं.

"अना, लोखंडी दाराला विजेची घंटी बसते," तो आईला म्हणाला. "बोट लावलं की वाजते. बाई असो, पुरुष असो."

"आणि कोण आलंय ते कसं कळणार?"

"उघडून बघायचं."

"उघडून बघायचं," गुलसनम म्हणाली. "वा. तुझ्या आजीला सुचलं नाही हे."

"अना, मावशी येणार असती तर दोन वर्षांत आली असती गं."

सुब्हानने विषय त्या दिवसापुरता सोडला. पण मुअल्लिम गप्प बसणारे नव्हते. ते दर आठ-पंधरा दिवसांनी दुपारचे येत आणि दांडा वाजवत. गुलसनमने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. दांडा म्हणजे पुरुष. घरात पुरुष नसताना पुरुषाला दार उघडायचं नाही, ही शहराची जुनी रीत. आताशा ही रीत फारसं कुणी पाळत नव्हतं. खुद्द गुलसनमच गॅसवाल्याला बेधडक दार उघडायची. पण मुअल्लिमांसाठी तिने ती रीत पुन्हा बाहेर काढली होती. दांडा वाजला की ती हातातलं काम थांबवून गप्प बसे. ते तीनदा वाजवत, खोकत आणि निघून जात. मग तुकेझबान छपरावरून सांगे, "गेला बिचारा. वळणावरून वळला. आता श्वास घे."

सप्टेंबर सरत आला होता. अंगणात अक्रोडांचा ढीग पडला होता आणि गुलसनम त्यांची हिरवी सालं काढत बसली होती. तिचे हात मनगटांपर्यंत काळे झाले होते. दर शरदात होत, आणि बर्फ पडेपर्यंत तसेच राहत. दुपारची अजान होऊन गेली होती. गल्लीत शांतता होती.

दांडा वाजला. एकदाच, जरा दबकत.

गुलसनमने हातातला दगड अलगद खाली ठेवला. एक अक्रोड घरंगळू लागला, त्यावर तिने पाय ठेवला. मुअल्लिमांना आज काय झालं, असं तिच्या मनात आलं. एरवी ते जोरात वाजवतात. थोड्या वेळाने दांडा पुन्हा वाजला, आधीपेक्षा हळू. गुलसनम मनातल्या मनात हसली. दमले, ती म्हणाली. तिसऱ्यांदा वाजलंच नाही. खोकलाही ऐकू आला नाही. ती आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली, मग दगड उचलून कामाला लागली.

बराच वेळ गेला. ढीग निम्म्यावर आला तेव्हा तुकेझबान छपरावर दिसली. तिच्या हातात वाळत घातलेल्या बिही फळांच्या फोडींची परात होती.

"काय गं," ती म्हणाली, "पाहुणीला दारातूनच परत पाठवलंस?"

"कुठली पाहुणी?"

"मघाची. काळी चादर घेतलेली. पलीकडच्या बायका घेतात तशी, डोक्यापासून पायापर्यंत. हातात काठी होती."

"बाई नव्हती आली कुणी. मुअल्लिम आले होते. दांडा वाजला."

"मुअल्लिम नखिचेवानला गेलेत, दोन दिवस झाले. दांडा तिनेच वाजवला." तुकेझबानने परात खाली ठेवली. "दुसरं काय वाजवणार होती? तुझ्या दाराला कडी कुठे आहे?"

गुलसनम उठली. मांडीवरचे अक्रोड सगळीकडे सांडले.

"कधी?"

"झाला असेल तास. मी फोडी वाळत घालत होते. ती आधी नुसतीच दाराकडे बघत उभी राहिली. मग त्या रिकाम्या पत्र्यावरून हात फिरवला. मला वाटलं, हीसुद्धा संग्रहालयातली. मग दांडा वाजवला, थांबली, परत वाजवला. मग गेली."

"तू हाक का नाही मारलीस?"

"मी कशाला हाक मारू? मला काय ठाऊक तू आत दडून बसलीयेस ते?" आणि मग तुकेझबानच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. तुकेझबान गप्प झाल्याचं गुलसनमने पहिल्यांदाच पाहिलं.

गुलसनम घरातल्या चपलांवरच बाहेर पडली. गल्ली उताराची, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. तिचं वय बासष्ट आणि गुडघे त्याहून जुने. पण ती चौकापर्यंत न थांबता गेली. जुमा मशिदीसमोर मोठ्या चिनाराखाली एक बस उभी होती. पलीकडच्या पाटीची, धुळीने माखलेली. चालक चिनाराच्या बुंध्याला टेकून कलिंगड खात होता.

"दादा, तुमच्या बसमधून काठीवाली एक म्हातारी आलीय का?"

"आई, माझ्या बसमध्ये पस्तीस म्हाताऱ्या आहेत," तो म्हणाला. "वीस जणींच्या हातात काठी आहे. सगळ्यांना आपापलं घर शोधायचंय. कुणाला सापडतं, कुणाला नाही. चारला निघायचंय मला. पूल सहाला बंद होतो, आणि आजच्या दिवसाचाच पास आहे."

"मरंदची?"

"मरंदच्या सात आहेत."

मशिदीच्या घड्याळात तीन वाजायला आले होते. गुलसनमने चौकात चारी बाजूंना पाहिलं. घुमटाच्या बाजारापाशी दोन काळ्या चादरी दिसल्या. ती तिकडे गेली. त्या दोघी तरुण होत्या आणि काचेतली मडकी बघत होत्या. ती मदरशाच्या पायऱ्यांपाशी गेली, तिथे कुणी नव्हतं. मग कबरस्तानाच्या वाटेला लागली, कारण मुलगी आली तर आधी आईकडेच जाईल. पण अर्ध्या वाटेत ती थांबली. आईची कबर कुठे आहे हे महपाराला कुठे माहीत होतं? महपाराच्या ओर्दुबादमध्ये आई अजून घरातच होती, अंगणात रेशमाचे किडे सांभाळत, तुतीचा पाला तोडत.

आणि मग गुलसनमला पाला आठवला. वसंतात आई पाला आणायला मळ्यात जाई तेव्हा घराला कुलूप असे. दोघी बहिणी इकडे तिकडे हुंदडून येत आणि दार बंद सापडे. आईने बजावलेलं असे, दार बंद असेल तर कुणाच्या घरी जाऊन बसायचं नाही, चिनारावर चढायचं नाही. झऱ्यावर जाऊन बसायचं. मी तिथून घेऊन जाईन.

मोहल्ल्याचा झरा जमिनीखाली आहे. डोंगराच्या पोटातून खणलेल्या बोगद्याने पाणी येतं आणि बत्तीस पायऱ्या उतरल्या की हाताला लागतं. भर उन्हाळ्यातही खाली गारठा असतो. हल्ली घरोघरी नळ आहेत, म्हणून तिथे फारसं कुणी उतरत नाही. गुलसनम भिंतीचा आधार घेत उतरू लागली. वीस पायऱ्यांनंतर उजेड कमी झाला. तिला आधी काठी दिसली, भिंतीला टेकवलेली. मग बूट, जोडीने नीट ठेवलेले. मग शेवटच्या पायरीवर काळ्या चादरीतली पाठ.

त्या बाईचे पाय पाण्यात होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"दार बंद होतं," ती म्हणाली. "अना म्हणायची ना, बंद असेल तर इथे बसायचं."

गुलसनम होती त्या पायरीवर बसली. दोघींमध्ये चार पायऱ्या उरल्या होत्या.

"मी घरातच होते, बाजी."

"मग उघडलं का नाहीस?"

"दांडा वाजला. मला वाटलं पुरुष आहे कुणी."

पाठ हलू लागली. गुलसनमला वाटलं ती रडतेय. पण महपारा हसत होती. "मग मी काय वाजवणार होते गं, माझं कपाळ? कडी कुठाय? त्रेपन्न वर्षं मी त्या कडीच्या गोष्टी सांगतेय पोरांना, नातवंडांना. इथे येऊन बघते तर नुसतं भोक."

"अनाने काढली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"का?"

गुलसनमने सांगितलं का ते. महपाराने पाय पाण्यातून काढले, चादरीच्या टोकाने एकेक पुसला. तिचे हात मेंदीने लाल होते, बोटं सांध्यांत वाकडी झालेली. "म्हणजे माझ्याच हातासाठी काढली," ती म्हणाली, "आणि त्यामुळे माझ्याच हाताला मिळाली नाही. अना अशीच होती."

"हाक का नाही मारलीस, बाजी? एक हाक मारायची."

"कुणाला? अना नाही हे मला माहीत होतं. तुझं पत्र आलं होतं. तू आहेस की नाहीस हे माहीत नव्हतं. दाराशी उभं राहून मेलेल्या माणसाला हाक मारायची म्हणजे..." तिने बूट पायांत चढवले. "म्हटलं, दार वाजवू. उघडलं तर आहे. नाही उघडलं तर कुणाला विचारायचं नाही. परत जायचं आणि नातवंडांना सांगायचं, तुमची धाकटी आजी बाजारात गेली होती म्हणून भेटली नाही."

बत्तीस पायऱ्या चढायला त्यांना फार वेळ लागला. दहा चढून एकदा बसल्या, वीस चढून एकदा. उजेडात आल्यावर दोघींनी एकमेकींकडे नीट पाहिलं. दोघी एकमेकींना कुणीतरी परकी म्हातारी वाटल्या. महपाराने धाकटीचे काळे हात आपल्या लाल हातांत घेतले आणि वास घेतला. "अक्रोड," ती म्हणाली. "मरंदलाही अक्रोड असतात. पण रंग असा धरत नाहीत."

वाटेत ती जे ते विचारत गेली. चिनाराच्या ढोलीत बसणारा चांभार आहे का? नाही, तो केव्हाच गेला, मग तिथे चहावाला बसायचा, आता तोही नाही. चिनार एवढाच होता का? मी नातवंडांना सांगितलं, सात बैलगाड्या राहतात त्याच्या सावलीत. राहतात गं, गुलसनम म्हणाली, बैलगाड्याच उरल्या नाहीत. आणि बाजाराच्या घुमटात टाळी वाजवली की सात वेळा ऐकू यायची, ती अजून येते का? गुलसनम म्हणाली येते. खरं तर काचेची कपाटं लावल्यापासून तीनदाच येत असे. पण पलीकडून कुणी मोजायला येणार नव्हतं.

घराशी पोचल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तुकेझबानने शेजारधर्माला जागून मध घातलेल्या अंड्यांची परात तयार ठेवली होती आणि ती अंगणात उभी राहून डोक्यावरच्या रुमालाचं टोक चावत होती. "ये गं बाई," ती महपाराला म्हणाली, "मी तुला बघितलं आणि तोंड मिटून बसले. आयुष्यात एकदा गप्प राहिले आणि तेही नको तेव्हा. शिव्या घाल मला."

"परत येईन तेव्हा घालीन," महपारा म्हणाली. "आज वेळ नाही."

तिने एक घास खाल्ला. बसायला गालिचा घातला होता, त्यावर ती बसली नाही. ती खोल्याखोल्यांतून फिरली नाही, आईची जागा विचारली नाही, सुब्हानच्या लग्नाचे फोटो बघितले नाहीत. ती म्हणाली, "कडी आण."

गुलसनमने पेटी उघडली. फडकं उलगडलं. कडी काळी पडली होती, पण कोयंडा शाबूत होता. दोघी दाराशी गेल्या. कोयंड्याचे पाय त्या जुन्या भोकात बसवून गुलसनमने अक्रोड फोडायच्या दगडाने ते ठोकले, महपाराने आतल्या बाजूने टोकं वाकवून धरली. कडी जराशी तिरकी बसली.

"आता तू आत जा," महपारा म्हणाली, "आणि दार लाव."

"बाजी, वेळ किती उरलाय बघ. बस जरा. तुझं तोंड तरी बघू दे."

"आत जा म्हणते ना."

गुलसनम आत गेली. तिने दार लावलं आणि अडसरही घातला, जसा आई घालायची. बाहेर काही हाललं नाही. मग कडी वाजली. दोनदा, थांबून एकदा. लहानपणी महपारा अशीच वाजवायची, म्हणजे आत कळायचं की हीच आहे, आणि गुलसनम धावत जाऊन उघडायची.

तिने अडसराला हात लावला, पण तो काढला नाही. पाठ दाराला लावून ती उभी राहिली. लाकडातून तो आवाज तिच्या पाठीत उतरत होता.

"कोण?" तिने विचारलं.

"मीच गं. उघड."

"मी कोण?"

"महपारा."

"परत वाजव."

कडी परत वाजली. दोनदा, मग एकदा. तुकेझबान अंगणात उभी होती. ती म्हणाली, "अगं, काय करतेस, बस सुटेल," पण गुलसनमने तिच्याकडे पाहिलं नाही.

"परत," ती दाराला म्हणाली.

धाकटीला काय हवंय ते बाहेरच्या हाताला कळत होतं. कडी वाजत राहिली, एकदा जोरात, एकदा अगदी हळू, जशी आई झोपलेली असताना वाजवायची. मधेच थांबली तेव्हा गुलसनमला महपाराचा श्वास ऐकू आला, अगदी कानाशी असावा इतका जवळ. दोघींच्या मध्ये दोन बोटं जाडीचं तुतीचं लाकूड होतं.

"मी ते जर्दाळू त्याच दिवशी खाल्ले, बाजी," गुलसनम म्हणाली. "गाडी हलायच्या आत."

"मला माहीत होतं," बाहेरून आवाज आला. "म्हणून तर सुके दिले. ओले दिले असते तर पोट बिघडलं असतं."

चौकात बसचा भोंगा वाजला. गुलसनमने अडसर काढला.

ती बसपर्यंत बरोबर गेली. चालक कुरकुरत होता, पण बाकीच्या म्हाताऱ्या महपाराची जागा अडवून बसल्या होत्या आणि ती येईपर्यंत त्यांनी त्याला गाडी सुरू करू दिली नव्हती. महपाराने खिडकीतून हात काढला. गुलसनमच्या हाताचा काळा डाग तिच्या मेंदीवर लागला होता.

"कडी काढू नकोस," ती म्हणाली.

बस वळली, मशिदीमागून गेली आणि आराझच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी सुब्हान घरी आला. दाराशी थांबून त्याने त्या तिरक्या कडीकडे बराच वेळ पाहिलं. मग पुरुष असूनही त्याने ती वाजवली. गुलसनमने दार उघडलं, तेव्हा तो आत येऊन तिच्या शेजारी बसला आणि राहिलेले अक्रोड सोलू लागला. विजेच्या घंटीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

आता सरशहरात ते दार एककानी राहिलेलं नाही, नाव मात्र तेच आहे. बायका येतात आणि कडी वाजवतात. मीठ मागायला, फोडी द्यायला, काही कारण नसताना. तुकेझबान तर दिवसातून चारदा वाजवते. म्हणते, इतक्या वर्षांची भरपाई चाललीय. दर वेळी गुलसनम हातातलं टाकून उठते. अंगण ओलांडेपर्यंत तिचा जीव पुढे दाराशी जाऊन उभा राहिलेला असतो. कडी दोनदा आणि मग एकदा वाजली नाही हे तिला उठतानाच कळलेलं असतं, तरी ती तेवढ्याच घाईने जाते. आईने ती का उपटली होती हे तिला आता नीट कळतं. पण ती कडी काढत नाही.

आणि दांडा वाजला तरी ती आता गप्प बसत नाही. नखिचेवानहून परतल्यावर फेरुझ मुअल्लिमांनी सवयीने तीनदा वाजवला, खोकले आणि वळणार एवढ्यात दार उघडलं. ते गोंधळून चष्मा सारखा करू लागले. गुलसनमने त्यांना अंगणात बसवलं, चहा दिला, लिंबाचा मुरंबा दिला.

"खाला, दाराचं काय ठरलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दार नाही मिळायचं," ती म्हणाली. "चहा मात्र कधीही मिळेल. वाजवत जा."